चिकित्सेचा चौथा पाद



वैद्याच्या दवाखान्यात वारंवार दिसणारे एक दृश्य आहे. साठी उलटलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ आत येतात, बसतात आणि काही न बोलता उजवा हात पुढे करतात. वैद्य विचारतात, "काय त्रास होतोय, काका?" उत्तर येते, "नाडी बघा ना, तुम्हीच सांगा!" गृहस्थांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी असते, घरच्या कपाटात तपासण्यांची फाईल असते, पण त्यांचा उल्लेख होत नाही. सोबत आलेल्या काकू काही सांगू पाहतात, तर त्यांना नजरेनेच गप्प केले जाते. वैद्याची परीक्षा घेतल्याचे समाधान काकांच्या चेहऱ्यावर असते.

या परीक्षेचा निकाल कधी कधी भयंकर लागतो. वैद्यांनी लक्षणांवरून गुडमारयुक्त औषध दिले आणि काकांच्या गोळ्याही चालूच राहिल्या, तर दोहोंच्या एकत्र परिणामाने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मग दरदरून घाम, हातापायांना कंप, प्रसंगी बेशुद्धी. याउलट, ज्या रुग्णाचे शरीर इन्सुलिन निर्मितच करीत नाही, त्याने 'आता आयुर्वेद सुरू केला' म्हणून इन्सुलिन परस्पर थांबवले, तर थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. दोन्ही प्रसंगी बोल मात्र लागतो तो आयुर्वेदाला.

आयुर्वेदाची स्वतःची शिकवण याबाबत काय आहे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार, असे सोळा गुण. वैद्याकडून शास्त्राचे निर्मळ ज्ञान, विपुल अनुभव, दक्षता आणि शुचिता यांची अपेक्षा आहे. वैद्याचे हे गुण समाजाला पाठ असतात. विसर पडतो तो चौथ्या पादाचा. रुग्णाला स्मृती हवी, वैद्याच्या आज्ञेचे पालन हवे, निर्भयता हवी आणि आपली व्याधी नीट सांगण्याची क्षमता हवी. या चौथ्या गुणाला 'ज्ञापकत्व' म्हटले आहे. हात पुढे करून मौन धरणारा रुग्ण हा गुणच गमावून बसतो.

नाडीपरीक्षेचे महत्त्व निर्विवाद आहे. पण तिचे पद्धतशीर वर्णन शार्ङ्गधरसंहितेपासून आढळते. त्याच्या कितीतरी आधी वाग्भटाने रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. प्रश्न विचारणे हे वैद्याच्या अज्ञानाचे लक्षण नसून शास्त्राचाच भाग आहे. भूक कशी आहे, झोप कशी लागते, कोठा साफ होतो का, पूर्वी कोणते आजार झाले, सध्या कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नांना संकोच न बाळगता खरी उत्तरे दिली पाहिजेत. ज्येष्ठमधासारखे घरोघरी वापरले जाणारे द्रव्यही अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवू शकते. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने वैद्यांना आपल्या गोळ्या दाखवाव्यात, आणि आपल्या डॉक्टरांनाही चूर्णे-काढ्यांची माहिती द्यावी. गोळी कमी करणे वा बंद करणे हा निर्णय ज्याने ती दिली त्याच्या सल्ल्यानेच व्हावा.

चरकाने वैद्याचा वेश घेऊन वावरणाऱ्या ढोंग्यांविषयीही समाजाला सावध केले आहे. ती सावधगिरी आज सहज बाळगता येते. बी.ए.एम.एस. ही साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता यांतून मिळणारी पदवी आहे. महाराष्ट्रात अशा वैद्यांची नोंदणी होते. दवाखान्यात नोंदणी प्रमाणपत्र पाहणे हा वैद्याचा अवमान नव्हे. मधुमेह वा कर्करोग हमखास बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने प्रतिबंध आहे. अशी हमी देणाऱ्याची जाहिरात दिसली, की तेथून परत फिरावे.

औषधांबाबतही हीच दृष्टी हवी. २००४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. हा परकीयांचा कावा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण त्याने एकाही रुग्णाचे रक्षण होत नाही. पारद, भस्मे यांवर रसशास्त्रात शोधन-मारणाचे कठोर संस्कार सांगितले आहेत, ते या द्रव्यांचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही ओळखूनच. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि मुदत छापलेली नसेल, अशी पुडी कोणी कितीही आपुलकीने दिली तरी घेऊ नये. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून तेच औषध स्वतः सुरू करणे, हे तर प्रकृतिभेद मानणाऱ्या आयुर्वेदाच्या मुळावरच घाव घालणे आहे.

१९०७ मध्ये शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे वैद्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला गेला. राजाश्रय गमावलेल्या शास्त्राला पुन्हा उभे करण्यासाठी त्या पिढीने कष्ट उपसले. आता शिक्षणसंस्था आहेत, २०१४ पासून केंद्रात स्वतंत्र आयुष मंत्रालयही आहे. वैद्य आणि औषध हे पाद सुधारण्याचे काम शासन व संस्था करू शकतील; रुग्णाचा पाद मात्र घराघरांतच घडायचा आहे. परिचारकाच्या गुणांत चरकाने रुग्णाविषयीचा अनुराग सांगितला आहे. काकूंच्या ठायी तो होताच, त्यांना बोलू दिले गेले नाही एवढेच.

पुढील खेपेस काकांनी हात पुढे करण्याआधी फाईल पुढे करावी आणि काकूंना बोलू द्यावे. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून एवढी सेवा निश्चित घडू शकेल.