बदलत्या परिस्थितीत आत्मकरुणा
(डब्लिन, कॅलिफोर्निया येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आपण ज्या डब्लिन शहरात जमलो आहोत, त्याची लोकसंख्या २०१० ते २०२० या दहा वर्षांत सुमारे ४६ हजारांवरून ७२ हजारांवर गेली. या वाढीत संगणक व्यवसायासाठी भारतातून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. त्याच व्यवसायात २०२२ च्या अखेरीस नोकरकपातीची लाट आली. एच-वन-बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधण्यास त्याला फार तर ६० दिवस मिळतात. घराचे हप्ते, मुलांची शाळा, गावी पाठवावयाचे पैसे, सारे त्या साठ दिवसांत समोर उभे राहते. कोणाचा संसार मोडतो. कोणाला आईच्या अंत्यविधीलाही पोहोचता येत नाही. दवाखान्यात मात्र ही मंडळी छातीत धडधडते, झोप लागत नाही, एवढेच सांगतात. खोदून विचारले की उत्तर येते, "डॉक्टर, मीच कमी पडलो."

आमच्या मते हे वाक्य आपल्या घरांत अधिक कठोरपणे उच्चारले जाते. आईवडिलांनी अर्धपोटी राहून आपल्याला शिकविले. इतरांहून दुप्पट चांगले काम केले तरच बरोबरीचे मानतील, हे आपले बाळकडू. त्यामुळे एकाची नोकरी गेली तरी साऱ्या समाजाची मान खाली गेल्यासारखे वाटते. सहकाऱ्यांपुढे मन मोकळे करावे, तर बोलता बोलता आडनाव, गाव आणि जात निघण्याची धास्ती. मग माणूस मेळाव्याला येणेही बंद करतो आणि घरातल्या घरात स्वतःला फटकारीत बसतो.

शरीराला हे फटके लागतात. मन सतत धास्तावलेले राहिले की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, रक्तदाब व साखर चढते, झोप तुटते. मधुमेही माणसाला तर हे फारच महागात पडते.

तथागतांनी सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण प्रत्यक्ष वेदनेचा. दुसरा, त्या वेदनेपायी मनाने करून घेतलेल्या तळमळीचा. नोकरी जाणे हा पहिला बाण. 'मी नालायक' हा दुसरा, आणि तो आपल्याच भात्यातला. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावयास सांगितले. मला सुख हवे तसेच सर्व प्राण्यांना हवे, याची साक्ष प्रथम स्वतःतच मिळते. २००३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी बौद्ध विचाराच्या आधारे आत्मकरुणेची तीन अंगे मांडली: स्वतःशी सौम्यपणा, दुःख माणसामात्राच्या वाट्याला येते ही जाण, आणि सजगता.

कोणी म्हणेल, संघर्ष शिकविणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे लाड कशाला? जुलै १९२६ मध्ये त्यांचा राजरत्न गेला. पाचांपैकी चार अपत्ये त्यांनी अशी गमावली. पुढल्याच महिन्यात दत्तोबा पवार या स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण खचल्याचे मोकळेपणाने सांगितले. राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. दुःख कबूल केल्याने त्यांचा संघर्ष उणावला नाही.

आत्मकरुणा म्हणजे स्वतःची कीव नव्हे, की चुकीवर पांघरूणही नव्हे. एक साधा उपाय आम्ही रुग्णांना सांगतो. रात्री पाच मिनिटे बसून आज काय दुखले ते वहीत लिहावे. हेच धाकट्या भावाने येऊन सांगितले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते, ते त्याखाली लिहावे. भावाला कोणी नालायक म्हणत नाही. चल, उद्या अर्ज करू, असेच म्हणतो. लिहावे मात्र मराठीत. इंग्रजीतला दिलासा आपल्यापैकी अनेकांना कचेरीच्या पत्रासारखा वाटतो!

एवढे करूनही दोन आठवडे अन्न, झोप आणि कामातील गोडी गेलेली राहिली, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे. आणि जीव नकोसा वाटू लागला तर तितकेही थांबू नये. जुलै २०२२ पासून या देशात ९८८ हा क्रमांक त्याचसाठी आहे. तो रात्री दोन वाजताही लागतो.