रक्ताच्या कर्करोगाचा शिल्लक अंश : प्रयोगशाळा तो कसा शोधते?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. महिनाभर औषधे दिली. ताप गेला, भूक लागली, मूल खेळू लागले. डॉक्टर म्हणाले, "मज्जेत आता रोग दिसत नाही." घरच्यांना वाटते, सुटलो, आता गावी जावे! नेमकी इथेच मोठी चूक होते. म्हणून 'दिसत नाही' या शब्दांचा अर्थ आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. अस्थिमज्जेतील त्यांचे प्रमाण शेकडा 5 च्या खाली आले, की रोग ओसरला असे म्हणण्याची जुनी रीत आहे. पण तेव्हाही एक हजार कोटींपर्यंत रोगट पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासनीस काही शेकडा पेशी मोजतो. दहा हजारांत एक रोगट असेल, तर ती त्याच्या दृष्टीस पडणार कशी? शिवाय मज्जेत नव्याने वाढणाऱ्या निरोगी कोवळ्या पेशीही दिसायला पुष्कळशा तशाच असतात.

या शिल्लक अंशाला डॉक्टर 'एमआरडी' म्हणतात. तो शोधण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग फ्लो सायटोमेट्रीचा. पेशींवर निरनिराळी प्रथिने असतात आणि रोगट पेशींवर त्यांची जुळणी वेगळी असते. या प्रथिनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे, चमकणारे रंग लावून, नमुन्यात मिसळतात. मग एकेक पेशी लेसर किरणासमोरून जाते आणि यंत्र तिची चमक टिपते. अशा लाखो पेशी थोड्या वेळात तपासून होतात आणि दहा हजारांत एक रोगट पेशीही सापडते. अशी एकजात प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टीन यांनी 1975 साली शोधली.

दुसरा मार्ग पीसीआरचा. लिम्फ पेशी घडताना आपल्या डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या पद्धतीने जोडते. रोगट पेशी एकाच पेशीची संतती असल्याने ही जोडणी त्यांच्यात घराण्याच्या खुणेसारखी उतरते. कॅरी मलिस यांनी 1983 साली शोधलेल्या पीसीआरने त्या खुणेच्या असंख्य प्रती काढता येतात आणि लाखात एक पेशीचाही माग लागू शकतो. मात्र ती खूण ओळखण्यासाठी उपचारापूर्वीचा नमुना लागतो.

याचा उपयोग काय? अंश जास्त उरला असेल तर उपचार कडक करता येतात. ज्यांच्यात तो सापडत नाही, त्यांतील काहींचे औषध कमीही करता येते. ब्रिटनमध्ये 2003 ते 2011 या काळात झालेल्या चाचणीत कमी धोक्याच्या मुलांना एक तीव्र औषधक्रम कमी दिला, तरी त्यांचे नुकसान झाले नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत ही तपासणी होते.

पालकांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली : पहिल्या महिन्याच्या शेवटी 'एमआरडी तपासणी होणार का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा. दुसरी : मज्जा काढताना पहिल्याच ओढीचा नमुना या तपासणीला द्यावयाचा असतो. पुढच्या ओढीत साधे रक्त मिसळते आणि निकाल फसवा येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : एमआरडी सापडली नाही, तरी तपासणीलाही मर्यादा आहे. म्हणून दोन ते तीन वर्षांचा उपचार डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नका.

विद्यार्थी मित्रांनो, या कामाला डॉक्टरांइतकीच निष्णात तंत्रज्ञांची गरज असते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलामुलींनी या वाटेचा विचार जरूर करावा. एका चांगल्या तपासनिसाच्या दक्षतेवर एका घराचा दिवा अवलंबून असतो.

दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. एवढे ध्यानात ठेवून आपण घरी गेलात, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.