गोष्टीतला मुलगा काय करतो?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, सगळ्या विंगमधल्या माझ्या मैत्रिणी, आणि पुढे सतरंजीवर बसलेली छोटी मंडळी. खरं सांगायचं तर मला भीती वाटते ती सतरंजीवरच्यांची. खुर्चीवरचे लोक कंटाळले तरी टाळ्या वाजवतात. सतरंजीवरचे सरळ उठून जातात.

सेक्रेटरींनी विषय दिलाय, 'मी मुलांसाठी लिहायला कशी शिकले'. मी बँकेतली बाई. तीस वर्षं सकाळची लोकल पकडून शिवाजीनगर गाठलं, व्हाउचरं तपासली आणि संध्याकाळच्या लोकलनं वडगावला परत आले. लिहायला शिकले ती साठीनंतर, आणि तेही याच इमारतीच्या पार्किंगमध्ये. त्यामुळे त्या शाळेबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

आपल्या मावळातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. एकदा सुरू झाला की मुलांचं खेळणं बंद. त्यात लाइट गेली की सगळी पोरं पार्किंगमध्ये. अशाच एका संध्याकाळी मी म्हटलं, चला, गोष्ट सांगते. "एका घनदाट जंगलात एक ससा राहत होता." पहिलीतली एक चिमुरडी लगेच म्हणाली, "कुठल्या जंगलात?"

मी म्हटलं, "असंच गं, एका जंगलात."

"लोहगडाजवळच्या का?"

आता आली का पंचाईत! लोहगड म्हटलं की धुकं आलं, निसरड्या पायऱ्या आल्या, रविवारची गर्दी आली. सशाला हे सगळं पार करावं लागणार. गोष्ट आपोआप पळायला लागली. माझा पहिला धडा हा. मुलांना 'एक जंगल' नको असतं, ठावठिकाणा हवा असतो.

नंतर लक्षात आलं की हे भा. रा. भागवतांना केव्हाच ठाऊक होतं. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा त्यांनी मराठीत आणल्या, पण स्वतःचा नायक मात्र आणला फुरसुंगीहून! आपला फास्टर फेणे. पुण्याजवळच्या खऱ्याखुऱ्या गावातला सायकल दामटणारा पोरगा. फुरसुंगीला जमतं तर वडगावला का नाही? १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेली इंग्रजांची फौज तळेगावहून मागे फिरली आणि आपल्याच गावात मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. त्यांना इथं तह करावा लागला. तुमच्या ताटातला इंद्रायणी तांदूळ आपल्याच वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आला. रोज घासाघासाला आपण गोष्ट खातोय आणि मुलांना सांगतोय परदेशातल्या राजपुत्राची.

दुसरा धडा मात्र जड गेला. तो आज पहिल्यांदाच सर्वांसमोर सांगते.

धीर चेपला तशी मी गोष्टी लिहून काढू लागले. एक गोष्ट मला फार आवडायची. एका सोसायटीतल्या वॉचमनचा गरीब मुलगा. त्याच्याकडे छत्री नसते. तो पावसात कुडकुडत बसतो. चौथ्या मजल्यावरचा मुलगा त्याला आपली छत्री देतो. तात्पर्य, गरिबांना मदत करावी. ही गोष्ट मी पार्किंगमध्ये वाचून दाखवली. मुलं गप्प बसून ऐकत होती. मला वाटलं, जिंकलं.

तेव्हाच्या आपल्या वॉचमनचा मुलगा जिन्याच्या कडेला उभा राहून ऐकायचा. सतरंजीवर कधी बसायचा नाही. 'ये' म्हणून मीही कधी म्हटलं नव्हतं, हेही कबूल करते. गोष्ट संपल्यावर तो हळूच म्हणाला, "आजी, त्यो पोरगा नुसता बसलाय का? त्याला काय येत न्हाई का?"

मंडळी, मला उत्तर देता येईना.

कारण त्या पोराला काय काय येत होतं! मोटरच्या आवाजावरून टाकी किती भरली हे तो सांगायचा. कुठल्या विंगचा व्हॉल्व्ह कुठे आहे, ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला पक्कं माहीत होतं. लाइट गेल्यावर अंधारात सगळ्यांच्या आधी जिना उतरायचा तो. आणि मी त्याला गोष्टीत घेतलं ते कुडकुडायला! चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा चांगुलपणा दाखवायला एक गरीब हवा होता, म्हणून.

त्या रात्री मी 'श्यामची आई' पुन्हा काढली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपण म्हणतो, त्या पुस्तकात संस्कारच संस्कार आहेत. पण नीट पाहा, श्याम चुका सांगतो त्या स्वतःच्या. दुसऱ्याच्या लेकराला खाली बसवून तो कुणाला शिकवत नाही. ते पुस्तक मी अनेकदा वाचलं होतं, पण हे कळलं ते जिन्यापाशी.

मी गोष्ट फाडली आणि नवी लिहिली. पावसाची रात्र, लाइट गेलेली, कुठूनतरी पाण्याचा आवाज येतोय. मोठी माणसं नुसती ओरडतायत आणि एक मुलगा आवाजाच्या मागावर अंधारात निघतो. लिहिताना व्हॉल्व्हची सगळी माहिती त्याच्याकडूनच घेतली. त्याला सतरंजीवर बसवून वाचायलाही तोच कागद दिला. जिथं तो अडखळला तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. 'निस्तब्ध अंधकार' गेला, 'मिट्ट काळोख' आला. दीड वीत लांबीचं वाक्य तोडून तीन केली. 'तेवढ्यात' हा शब्द नऊ वेळा आला होता, तो दोनदाच ठेवला. लिहिणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की तुमची गोष्ट मुलाला वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसा.

आता छापण्याबद्दल. एका प्रकाशकाने होकार दिला. अट अशी, की काही प्रती मी आगाऊ पैसे भरून घ्यायच्या. करार न वाचता मी सही केली. आयुष्यभर लोकांना 'वाचून सही करा' सांगणारी बाई मी! दीड वर्षानं चित्रं आली. वडगावच्या पावसातल्या घराला धुराडं, आणि मुलाच्या अंगात लोकरीचा कोट! चित्रकाराची काय चूक? त्याला कुणी गोष्टच पूर्ण दिली नव्हती. मी पैशांवर पाणी सोडलं आणि गोष्ट परत घेतली.

मग स्वतःच छापायचं ठरवलं. चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीला इथं आणलं, टाकी, जिना, मोटरची खोली दाखवली. तिनं रेखाटनं केली ती इथंच बसून. छापखान्यात कळलं की पानं सोळाच्या हिशेबात बसवली तर कागद वाया जात नाही. म्हणून पुस्तक बत्तीस पानांचं झालं आणि मजकूर आणखी कापावा लागला, तो चांगल्यासाठीच. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. आणि पुस्तकाची घाई नसेल तर आधी मासिकांकडे गोष्टी पाठवा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. लिहिण्याआधी ते वाचा. माझे उतावीळपणाचे पैसे वाचले असते.

पुस्तक हातात आलं तेव्हा मात्र तो मुलगा इथं नव्हता. मधल्या काळात सिक्युरिटीची एजन्सी बदलली आणि ते कुटुंब गेलं. कुठे गेलं, मी चौकशी केली, पत्ता लागला नाही. त्या करारात माझं दीड वर्ष गेलं, त्याची खरी किंमत ही. पुस्तकावर नाव माझं आहे. गोष्ट निम्म्याहून अधिक त्याची आहे.

आज सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. कमिटीकडे माझं मागणं छोटंसं आहे. क्लब हाउसमध्ये पुस्तकांचं एक कपाट ठेवू आणि शनिवारी संध्याकाळी तासभर गोष्टी वाचू. पुस्तकं मी देते, वाचायलाही मी येते. अट एकच. सतरंजीवर फ्लॅटमालकांची मुलं बसतील, तशीच भाडेकरूंची, वॉचमनची, घरकामाला येणाऱ्या ताईंचीही बसतील. जिन्यापाशी कुणी उभं राहणार नाही.

पुस्तकाची एक प्रत मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. आत त्याचं नाव लिहिलंय. आता तो बराच मोठा झाला असेल. कधी गेटवर येऊन कुणी विचारलंच, की "इथं गोष्ट सांगणाऱ्या आजी होत्या ना?", तर त्याला आधी आत बसवा आणि मग मला हाक मारा.