परावर्तित प्रकाशाची साक्ष

अंगठींतील खडा पारखावयाचा असला म्हणजे पारखणाऱ्यापुढें एक अडचण उभी राहते. पदार्थाचा प्रकाशविषयक गुण ठरविण्याचा शाळेंत शिकविला जाणारा मार्ग असा कीं, त्या पदार्थाचा लोलक करावा, त्यांतून किरण आरपार जाऊं द्यावा आणि तो किती वळतो तें पाहावें. या वळण्यावरून जो अंक निघतो, त्यास वक्रीभवनांक म्हणतात. परंतु ज्या खड्यांत एखाद्या कुटुंबाची पुंजी गुंतलेली आहे, तो घासून त्याचा लोलक कोण करूं देईल? अशा वेळीं पृष्ठभागावरूनच परत फिरणाऱ्या किरणास साक्षीला बोलवावें लागतें.

ही साक्ष घेण्याची सुरुवात पॅरिसमध्यें झाली. १८०८ सालीं एतिएन लुई मालुस हा फ्रेंच सैन्यांतील अभियंता लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारें मावळतें ऊन आइसलंडी स्फटिकांतून पाहत होता. या स्फटिकांतून प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवितांच त्या दोहोंचें तेज आळीपाळीनें कमी-अधिक होऊं लागलें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, काचेवरून परतलेल्या प्रकाशाचीं कंपनें बव्हंशीं एकाच दिशेस होत होतीं. अशा प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. एका ठराविक कोनांत हें ध्रुवण पूर्ण होतें, आणि तो कोन पदार्थागणिक निराळा असतो. मालुसनें पाणी व काच यांचे कोन मोजले. पण वक्रीभवनांकाशीं त्यांचा मेळ बसेना. तेव्हां असा कांहीं संबंधच नाहीं, असें त्यानें ठरविलें. १८१२ सालीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, तो वारला.

संबंध मात्र होता. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनें अनेक पदार्थ तपासून तो १८१५ सालीं प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या लंबापासून मोजलेल्या त्या कोनाची स्पर्शज्या काढली, कीं तोच पदार्थाचा वक्रीभवनांक. पाण्याचा कोन सुमारें ५३ अंश व अंक १.३३, साध्या काचेचा कोन ५६ अंशांहून किंचित् अधिक व अंक १.५, हिऱ्याचा कोन सुमारें ६७.५ अंश व अंक २.४२. मालुसला चकविलें तें काचेनें. काचेचा वरचा पापुद्रा काळानें पालटतो, आणि त्याचे गुण आंतल्या काचेहून निराळे होतात. परतणारा किरण त्या पापुद्र्याचीच हकीकत सांगत होता.

कोनाऐवजीं परतणाऱ्या प्रकाशाचें प्रमाण मोजूनही हें काम साधतें. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकीं साधी काच शेकडा ४, क्यूबिक झिर्कोनियाचा कृत्रिम खडा शेकडा १३ ते १४, हिरा शेकडा १७ आणि मॉयसनाइट सुमारें शेकडा २० भाग परत पाठवितो. रत्नपरीक्षकांचें परावर्तनमापक यंत्र याच फरकावर चालतें. मात्र खड्यावर बोटांच्या तेलकटपणाचा पुसट थर असला, तरी आंकडा बिघडतो. प्रयोगशाळेंत घडविलेल्या हिऱ्यापुढें तर हें यंत्र निरुपायच होतें. कारण तो हिराच असल्यामुळें खाणींतल्या हिऱ्याइतकाच प्रकाश परत करतो. तेथें निराळ्या कसोट्या लावाव्या लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल ड्रूडे या जर्मन शास्त्रज्ञानें या अडचणीचेंच साधन केलें. ध्रुवित प्रकाश तिरपा पाडला असतां परततांना त्याच्या कंपनांचें स्वरूप बदलतें, आणि त्या बदलावरून पृष्ठभागावरील अतिपातळ थराची जाडी व वक्रीभवनांक काढतां येतात. संगणकांच्या सिलिकॉन चकत्यांवरील जे थर मिलिमीटरच्या दहालक्षांशांत मोजावे लागतात, ते आज याच रीतीनें मोजले जातात. ज्या पापुद्र्यानें मालुसला नियमापासून दूर ठेविलें, तसलाच थर आतां मापनाचा विषय झाला आहे. म्हणून खडा पारखावयाचा असो वा चकती, परावर्तित प्रकाशाची साक्ष घेणाऱ्यानें प्रथम पृष्ठभागाची अवस्था पाहावी, आणि मगच आंकड्यावर विश्वास ठेवावा.