संस्थाजीवनातील मतभेद
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा एकोप्याचा गौरव होतो आणि तो उचितच आहे. परंतु एकोपा कशास म्हणावे? अनेक संस्थांच्या इतिवृत्तात पानोपानी ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असते आणि खरी चर्चा सभा संपल्यावर, पायऱ्यांवर चपला घालताना सुरू होते. आधी जीर्णोद्धार की आधी शिष्यवृत्ती, हा प्रश्न सभेत कोणी काढीत नाही. तो घरोघरी जातो आणि तेथे त्याला आडनावे चिकटतात. कन्नडच्या बाजारपेठेलाही हे अपरिचित नसावे. उधारी बुडणार हे मुनिमाला आधी समजते. पण शेठजींना सांगणार कोण?

टिळक आणि आगरकर यांचे उदाहरण येथे आठवते. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. स्नेह, बुद्धी, त्याग, कशाचीच उणीव नव्हती. मात्र ‘केसरी’तील लेखांवर नाव नसे, छापले जाई ते साऱ्या मंडळींचे मत मानले जाई. सामाजिक सुधारणेवरून मते फाटली तेव्हा त्या एका पत्रात दोन मतांना जागा उरली नाही. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले व पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. तेथे तर वाद आजीव सदस्यांच्या मोबदल्याचा आणि बाहेरच्या कामांचाही होता. त्या वादातून महाराष्ट्राला विचारधन लाभले हे खरे, पण १८९५ मध्ये आगरकर निवर्तले तोपर्यंत दोघांनी पुन्हा एकत्र काम केले नाही.

याहून वेगळा प्रसंग श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग सूत्रात आहे. आनंद श्रावक संलेखनेत होते. उठण्याचेही बळ नव्हते. आपल्याला किती विस्तृत अवधिज्ञान झाले आहे, हे त्यांनी गणधर गौतमांना सांगितले. गृहस्थाला इतके ज्ञान होत नाही, तेव्हा प्रायश्चित्त घ्यावे, असे गौतम म्हणाले. आनंदांनी नम्रतेने विचारले, सत्य बोलल्याचे प्रायश्चित्त असते काय? नसेल तर ते आपणच घ्यावे. अंथरुणाला खिळलेला एक गृहस्थ प्रथम गणधरांना हे सांगतो! गौतम शंकित होऊन भगवान महावीरांकडे गेले. भगवंतांनी आनंदांचे म्हणणे खरे ठरविले, आणि गौतमांनी परत जाऊन त्या श्रावकाची क्षमा मागितली.

येथे आनंदांचे धैर्य मोठे आहेच. पण गौतमांनी त्यांचे शब्द उद्धटपणा मानले नाहीत, प्रश्न भगवंतांपुढे नेला, हे त्याहून मोठे. ज्येष्ठांनी असे ऐकून घेतले नाही तर कनिष्ठ एकदाच बोलतो. सभेत अध्यक्षांनी आपले मत अगदी शेवटी मांडावे, हा साधा उपाय आहे. त्यांनी आधी मांडले की चर्चा तेथेच संपते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून वर्षभराचे न बोललेले मतभेद झाकता येतील, मिटणार नाहीत.

अनेकान्ताचाही कधी कधी गैरवापर होतो. ‘हेही बरोबर, तेही बरोबर’ म्हणून निर्णय पुढे ढकलणे हा अनेकान्त नव्हे. कोणत्या अपेक्षेने कोणते मत खरे, हे तपासण्याचे कष्ट त्यात आहेत. हिशेबाबाबत तर तो लागूच नाही. शिल्लक एकच असते. बाकी प्रश्नांवर ठराव बहुमताने झाला तरी विरोध कोणाचा होता आणि कोणत्या कारणासाठी, हे इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि पुढील सभेच्या आरंभी मोठ्याने वाचावे.