प्लगची साक्ष
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." एआयवर हल्ली सगळेच बोलतात. मी स्पार्क प्लगवर बोलणार आहे. मागच्या रांगेतली मंडळी हसतायत, दिसतंय मला. हसणाऱ्यांपैकी निम्म्या जणांनी कॉलेजात असताना बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर तिरकी केलेली आहे, डिकीतल्या पान्याने प्लग काढून पॉलिश पेपरने घासलेला आहे. तेव्हा तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं, प्लगवर काजळी धरायचीच. त्यामुळे गाडी कुरकुरली की प्लगला धरायचं, ही सवय आपल्या पिढीच्या हाडात आहे. टर्बो लावलेल्या, ताकद वाढवून घेतलेल्या आजच्या गाडीला तीच सवय लावली, तर भलत्याच माणसाला शिक्षा होऊ शकते. गेल्या वर्षी आमच्या घरात ती जवळजवळ झालीच होती.

माझ्या भावाच्या मुलाने एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. चार सिलिंडरची, छोटीच, पण पळणारी. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिच्या इंजिन कंट्रोल युनिटमधली फाईल बदलून घेतली. याला ही मुलं 'रीमॅप' म्हणतात. एकही नट न बदलता तीसेक हॉर्सपॉवर वाढते. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या प्रमाणात पेट्रोल जास्त सुटतं, आणि स्पार्क जरा लवकर पडतो. चार महिने मजेत गेले. एप्रिलमध्ये साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर इंजिन अचानक थरथरायला लागलं, मागून निळा धूर निघाला आणि गाडी टो करून आणावी लागली. इंजिन खोललं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा, दोन रिंगांच्या मधला काठ तुटलेला. खर्च दीड लाखाच्या घरात.

आता दोष कुणाचा? महिनाभर आधी एका गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले होते. ते काम तिथल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाने केलं होतं. फाईल टाकून देणाऱ्याने फोनवरच निकाल दिला, "प्लग चुकीचा टाकला." गॅरेजमालकाने तो मान्य केला आणि त्या मुलाच्या पगारातून दरमहा रक्कम कापायचं ठरवलं. भाचा माझ्याकडे आला तो वेगळ्याच कामाला. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला त्याने एक छोटं यंत्र लावून ठेवलं होतं, ते प्रत्येक फेरीची नोंद ठेवायचं. "आत्या, यातून काही निघतं का बघ ना, पैसे वसूल करताना पुरावा होईल." मी म्हटलं, नोंदी तर दे, पण जुने प्लगही घेऊन ये. नशिबाने ते एका पिशवीत पडून होते.

इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. सर समोर बसलेत, त्यामुळे जपून सांगते.

प्लगला जसा नंबर असतो तशी एक 'हीट रेंज' असते. पुष्कळांना वाटतं, गरम प्लग म्हणजे जास्त जोराची ठिणगी. तसं काही नसतं. प्लगच्या टोकाची उष्णता तिथून किती लवकर निघून इंजिनच्या हेडमध्ये जाते, एवढंच हीट रेंज सांगते. आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता, म्हणून तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सियसमध्ये राहावं लागतं. त्याखाली राहिलं तर काजळी जळत नाही. खूप वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आतच मिश्रण पेटवून देतं. ताकद वाढवलेल्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून अशा गाडीला सहसा एक पायरी थंड प्लग घालतात. यात एक गंमत आहे, खरं तर सापळाच. एनजीके आणि डेन्सोच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशच्या नंबरात आकडा वाढला की गरम. दुकानात "एक नंबर वरचा द्या" म्हणणाऱ्याने आधी डबीवरचं नाव वाचावं.

दुसरी गोष्ट गॅपची. टर्बोने दाबलेल्या दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची ताकद तेवढीच असली, तर भर ॲक्सिलरेटरवर ठिणगी चुकते, गाडी अडखळते. म्हणून गॅप थोडी कमी करतात, ०.८ मिलिमीटरची ०.७ किंवा ०.६. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं. त्यावर गॅपचं नाणं दाबून फिरवलं तर ते तुटतं. गॅप बाहेरचा वाकडा पाय हलवूनच करायची. आणि प्लग नेमका तेवढाच आवळायचा, कारण त्याची उष्णता आट्यांतून आणि बुडाच्या चकतीतून बाहेर जाते. सैल राहिलेला थंड प्लगसुद्धा तापतो.

यांतलं काहीही त्या मुलाकडून चुकलं असतं तर दोष त्याचा होता. म्हणून मी आधी प्लगच बघितले. नंबर एक पायरी थंड, म्हणजे बरोबर. गॅप चारही प्लगांची सारखी. टोकं शाबूत, कुठे वितळलेलं नाही. पण तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या मातीवर भिंगातून बारीक चमकणारे ठिपके दिसले, कुणी चंदेरी मिरपूड भुरभुरावी तसे. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचं.

पिस्टनचं ॲल्युमिनियम पिस्टनवरून उडून प्लगवर येतं ते बहुतेक वेळा नॉकिंगमुळे. ठिणगी वेळेवर पडते, ज्योत पसरायला लागते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने, ज्योत पोचायच्या आत, एकदम फुटतं. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर असतं आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन एरवी वाचतो तो त्याच्या अंगावर चिकटून राहणाऱ्या वायूच्या पातळ थरामुळे, आणि आतून उष्णता काढून घेणाऱ्या तेलामुळे. नॉकिंगचा धक्का तो थर उडवून लावतो आणि रिंगांमधल्या काठावर हातोडे मारतो. प्लग फार तापून मिश्रण आधीच पेटलं असतं तर खुणा वेगळ्या असत्या. प्लगचं टोक वितळलेलं असतं आणि बहुधा पिस्टनच्या डोक्याला मधोमध भोक पडलेलं असतं. इथे तसं काहीच नव्हतं.

मग नोंदी उघडल्या. हे माझ्या रोजच्या कामातलं. ब्लॉकवर एक नॉक सेन्सर असतो, तो इंजिनचा आवाज कान लावून ऐकत असतो. साधारण सहा-सात हजार हर्ट्झची ती विशिष्ट टकटक आली की कंट्रोल युनिट त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा पाडतं आणि मग हळूहळू पूर्ववत करतं. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० ठिणग्या पडतात, आणि एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. एवढ्यात ऐकून, ठरवून, बदल करणारं ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यालाही मर्यादा घालून दिलेली असते. या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी प्रत्येक चढावर आठ अंश मागे जात होती, आणि तिथेच अडकत होती. त्याहून मागे जायची परवानगीच नव्हती. टर्बो मात्र तेवढीच हवा कोंबत होता.

महत्त्वाच्या होत्या त्या तारखा. हे सगळं रीमॅपच्या पहिल्या आठवड्यापासून चालू होतं. प्लग बदलायच्या तीन महिने आधीपासून.

कारण साधं होतं. ती फाईल युरोपातली, तिथल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेली. गाडीत भरलं जात होतं ते आपल्याकडचं साधं, त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद. त्यात एप्रिलचं ऊन, घाटाचा चढ आणि आत जाणारी तापलेली हवा. कुणी विचारेल, ई-२० मुळे तर झालं नसेल? आपल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉलवर हल्ली सगळंच ढकलतात. इथेनॉल स्वतः नॉकिंग चांगलं सोसतं. मात्र त्याला तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. आधीच ओढाताण होत असलेला पंप कमी पडला तर मिश्रण पातळ होऊन उष्णता वाढते, हे खरं. या गाडीत मिश्रण ठीक होतं. तेही नोंदीत होतं.

थंड प्लगने हे थांबलं असतं का? नाही. आणखी दोन पायऱ्या थंड घातले असते तरी नाही. प्लग स्वतःच्या टोकाचं तापमान सांभाळतो, बाकी सिलिंडरमध्ये काय पेटतं ते हवा, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ठरवते.

मी दोन पानं लिहिली, आलेख जोडले, आणि भाच्याला म्हटलं, हे घेऊन गॅरेजमालकाकडे तूच जा, मी येणार नाही. त्याला जड गेलं, पण गेला. मालक जुन्या वळणाचे. आलेख त्यांनी बाजूला ठेवले, भिंगातून प्लग दोनदा बघितला आणि "कापणार नाही पगार" एवढंच म्हणाले. कापलेला एक हप्ता परत दिला. त्या मुलाने भाच्याला विचारलं, "दादा, हे ठिपके बघायचं मला शिकवाल का?" एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि दोन तास बसला. फाईल टाकणाऱ्याने काहीच मान्य केलं नाही, फोन घ्यायचंही बंद केलं. खर्च भाच्यानेच सोसला. गाडीत आता मूळ फाईल आहे आणि कंपनीने सांगितलेले प्लग.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं आता गाडीच्या वयात आली आहेत. ती ऐकणार नाहीत, आपणही ऐकलं नव्हतं. मुलगा गाडीची ताकद वाढवणारच असेल, तर फाईल कोणत्या पेट्रोलसाठी केली आहे हे लेखी मागा. काढलेले प्लग फेकू देऊ नका, प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहून ठेवा. आणि चढावर बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर पाय उचला, त्याच क्षणी.

ते चार प्लग आणि भिंग मी पर्समध्ये आणलेत. चहाच्या वेळी ज्यांना बघायचे असतील त्यांनी या. सर, तुम्ही आधी.