जमीन थोडीशी हलते तेव्हा



भूकंप हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे जपान उभा राहतो, फार तर आसाम किंवा कच्छ. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र आपल्या पठारावरील लहान भूकंपाविषयी. ज्याने मांडणीवरील भांडी खणखणतात, गोठ्यातील जनावर दावे ओढू लागते, माणसे 'झाला का तुमच्याकडे?' असे एकमेकांस विचारतात आणि दोन दिवसांनी विसरून जातात, तो भूकंप. २०२४ साली मार्चच्या २१ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास, आणि पुन्हा १० जुलैला, हिंगोलीकडे जे धक्के बसले, ते रिश्टर मापावर साडेचारचे होते. परभणी-नांदेडपर्यंत ते जाणवले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे गावच्या लोकांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज त्याआधी कित्येक वर्षे ओळखीचे झाले होते.

त्या आवाजात गूढ फारसे काही नाही. भूकंप उथळ असला, म्हणजे काही किलोमीटरच खाली झाला, की खडकातून धावणारी पहिली लहर जमिनीशी पोहोचते आणि हवेला धक्का देते. विहिरीच्या सुरुंगाचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. हा त्याच जातीचा. आपला खडक जुना, टणक आणि थंड. त्यामुळे लहान धक्काही येथे दूरवर पोहोचतो.

मग पठार हलते तरी का? भारतीय भूखंड दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयाशी रेटला जातो आहे. हा रेटा हिमालयापाशीच संपत नाही, तो सबंध भूखंडात साठतो. आपल्या काळ्या दगडाखाली जुन्या भेगा आहेत. त्या कधीतरी, कोठेतरी सरकतात. भेगांत पाणी मुरले तर सरकणे सोपे होते. कोयनेचे धरण १९६२ साली भरू लागले तेव्हापासून तेथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, हे सर्वश्रुत आहे. पण प्रत्येक धक्क्याच्या मागे धरण शोधणे हा आपला एक आवडता छंद होऊन बसला आहे. तो थोडा आवरावा.

खरी अडचण निराळीच आहे. ज्या प्रदेशात भूकंप नित्याचे, तेथे आजीला ठाऊक असते की काय करावे. आमच्या आजीला दुष्काळ ठाऊक होता, पटकी ठाऊक होती. भूकंप ठाऊक नव्हता. आपल्याकडे लहान धक्क्याचा अर्थ लावण्यास अनुभवाचे गाठोडेच नाही. म्हणून दोन समज पसरतात, आणि दोन्ही अपुरे आहेत.

पहिला समज असा की, लहान धक्के बसले ते बरे झाले, जमिनीतील जोर थोडाथोडा निघून गेला. ऐकावयास गोड आहे. पण हिशेब करून पाहा. मापावरील एक पायरी चढली की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. दोन पायऱ्या चढल्या की हजारपट. सहाच्या एका भूकंपाचा जोर चारच्या धक्क्यांनी फेडावयाचा म्हटले तर तसे हजार धक्के लागतील! असा हप्त्याहप्त्याने कर्ज फेडणारा निसर्ग अद्याप कोणी पाहिलेला नाही.

दुसरा समज उलटा: लहान धक्के म्हणजे मोठ्याची वर्दीच. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली. भर थंडीत आदिवासी पाड्यांतील माणसे मुलाबाळांसह उघड्यावर, तंबूत निजली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांतला एक चारच्या थोडा वर गेला. त्या दिवशी एक लहान मुलगी दगावली, ती घर पडून नव्हे. घाबरून पळताना पडून. मोठा भूकंप मात्र आला नाही. भातसा धरणाजवळ खर्डीकडे १९८३ साली असेच धक्के बसले होते, तेही विरले. अशा रांगा बहुधा विरतातच.

बहुधा! या एका शब्दापाशी किल्लारी उभी आहे. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीस धक्के बसू लागले. १८ ऑक्टोबरचा त्यांतील मोठा, चारच्या थोडा वर, म्हणजे पालघरइतकाच. मग ते मंदावले. पुढल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली असता, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी सहाच्या वरचा भूकंप झाला. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. त्या वेळच्या सरकारी नकाशात लातूर सर्वात निर्धोक पट्ट्यात होते. २००२ साली तो नकाशा बदलला गेला.

पालघरचे धक्के आणि किल्लारीचे पहिले धक्के बसत असताना एकाला दुसऱ्यापासून ओळखता येईल असे साधन शास्त्राजवळ नाही. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. खोटे भविष्य सांगण्यापेक्षा ते बरे. पण जमिनीकडून उत्तर मिळत नसले तरी घराकडून मिळते.

किल्लारी-सास्तूरकडील जुने घर आठवा. दोन-तीन फूट रुंद भिंत, बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मध्ये गोटे आणि चिखल. वर माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारे. ते गळू नये म्हणून दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर! आजोबांनी टाकला, बापाने टाकला, मुलाने टाकला. तीन पिढ्यांची माती डोक्यावर. जमीन हलली की भिंतीची दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटतात आणि वरचे ओझे खाली येते. गावे मेली ती या ओझ्याखाली. दोन्ही तोंडांना शिवणारे लांब दगड मधूनमधून घातले, दाराच्या वर चारी भिंतींना फिरून आवळणारा एक पट्टा दिला आणि माळवदावरील जुनी माती उतरवली, तर तेच दगड पुष्कळ सोसतात. यात परदेशी विद्या काही नाही. गवंड्याला समजावून सांगता येते.

तेव्हा धक्का बसला की पहिल्याने भिंतीचे कोपरे पाहावेत. तेथे उभी चीर गेली आहे काय? भिंत मध्ये फुगली आहे काय? तसे असेल तर त्या भिंतीजवळची बाज हलवावी आणि गवंड्यास बोलवावे.

आता पत्र्याच्या घरांचे. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांस सांगितले होते की, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. सूचना योग्य होती. परंतु गरिबाने विचारावे, 'दगड काढले तर वळवाच्या वाऱ्याला पत्रे कोण धरील?' दगड कोणी हौसेने ठेवीत नाही. पत्रे लोखंडी आकड्यांनी खालच्या वाशांना आवळावे लागतात, आणि वासे भिंतीत पक्के बसवावे लागतात. आकड्यांना थोडे पैसे लागतात, गवंड्याची एक दिवसाची मजुरी लागते. ज्यांच्याजवळ तेवढेही नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने हे काम उन्हाळ्यात, वळीव येण्यापूर्वी, उरकून द्यावे. आणि दगड त्यानंतर उतरवावेत.